लाल जाळीची चावी

मालकांच्या मुलाने मला प्लांट मॅनेजर केलं आणि त्याच बैठकीत लाल जाळीची चावी मागितली.

"आंटी, अब आप ये छोटे काम क्यों करेंगी? चाबी डिस्पैच में दे दीजिए."

लाल जाळी म्हणजे तपासणीत नापास झालेला माल कोंडून ठेवायची जागा. गोविंदपुऱ्यातली आमच्यासारखी लहान युनिट्स मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवतात. आम्ही ट्रान्सफॉर्मरचे क्लॅम्प करायचो. मापात न बसलेल्या तुकड्यावर लाल पट्टा मारायचा, तो जाळीत टाकायचा, कुलूप लावायचं. चावी तपासणाऱ्याकडे असते, माल पाठवणाऱ्याकडे कधीच नाही. महिनाअखेरीला गाडी भरताना माल कमी पडला की सगळ्यांच्या नजरा जाळीकडे वळतात, आणि लाल रंग थिनरने सहज निघतो.

मोठे मालक आजारी पडून घरी बसले होते. त्यांच्या वेळी ही चावी कुणी मागितली नव्हती. मी ती टेबलावर ठेवली आणि नव्या केबिनमध्ये जाऊन बसले. महिना संपल्यावर सहज खाली उतरले, तर जाळी जवळजवळ रिकामी.

"कबाड में दे दिया," डिस्पॅचवाला म्हणाला.

भंगारवाला त्या महिन्यात फिरकलाच नव्हता. मी मालकांच्या मुलाला विचारलं. तो हसून म्हणाला, "आंटी, आप मैनेजर हैं. ऊपर का देखिए."

खरं तर मला वरचंच बघायचं होतं. वडील नागपूरहून सरकारी कारखान्यातल्या नोकरीसाठी इथे आले. टाउनशिपमध्ये क्वार्टरच्या दारावर नावाखाली हुद्दा लिहायची पद्धत होती, आणि मुलं एकमेकांच्या वडिलांना त्या पाटीवरूनच ओळखत. आमच्या पाटीवरचा हुद्दा वडील निवृत्त होईपर्यंत फारसा पुढे सरकला नाही. माझ्या पाटीवर मॅनेजर लिहिलेलं असेल, हे मी फार लवकर ठरवून टाकलं होतं. त्यामुळे पन्नाशीला टेकलेली असताना मी नवी नोकरी शोधायची म्हटल्यावर नवरा वैतागला ते मला समजत होतं.

"हेच हवं होतं ना तुला?"

"हो."

"मग आता काय झालं?"

"पाठवलेल्या मालाच्या कागदावर सही माझी आहे आणि माल मी बघत नाही. असं झालंय."

या शहरात कारखान्यातली ढिलाई काय करते, ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. विषारी वायू सुटला त्या वर्षी आम्ही दोघंही शाळेत होतो.

मी लगेच राजीनामा दिला नाही. दोन-तीन रविवार शांतपणे विचार केला. इतक्या वर्षांतलं कुठलं काम मी कुणी न सांगता केलं असतं? बैठका नाहीत, हजेरी नाही. तुकडा हातात घेऊन तो बरोबर आहे की नाही हे ठरवणं, एवढंच उरलं. उत्तर मला फारसं आवडलं नाही, कारण त्या कामाला मॅनेजर म्हणत नाहीत.

मग बायोडेटा लिहिला. लेकीने तो वाचला आणि कपाळाला हात लावला.

"आई, पहिल्याच ओळीत वडिलांचं नाव, मग नवऱ्याची नोकरी? हा रिश्त्याचा बायोडेटा आहे. उंची पण टाक ना."

"तू नीट करून दे मग. टोमणे नंतर मार."

तिने नीट करून दिला.

पहिली मुलाखत एका मोठ्या, नव्या कारखान्यात झाली. हुद्दा क्वालिटी मॅनेजर, काचेची केबिन, पगार आधीपेक्षा चांगला. मी लाल जाळी दाखवायला सांगितलं. ती ताज्या रंगाने चकचकत होती आणि आत कामगारांचे डबे ठेवले होते.

"हमारे यहाँ रिजेक्शन है ही नहीं, मैडम," साहेब अभिमानाने म्हणाले.

मशीन आहे तिथे नापास माल असतोच. दिसत नसेल तर तो कुठेतरी जातो. मी चहा पिऊन निघाले. घरी आल्यावर नवऱ्याने पगाराचा आकडा विचारला. मी सांगितला, आणि नकार कळवल्याचंही सांगितलं. त्याने रिमोट उचलून टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसरी जागा गोविंदपुऱ्याच्याच दुसऱ्या टोकाला, पत्र्याच्या शेडमध्ये. पद साधं इन्स्पेक्टरचं. पगार कमी, आणि वरिष्ठ माझ्याहून वयाने लहान. इथली जाळी तुडुंब होती. तुकडे बाहेर जमिनीवर आले होते आणि प्रत्येकावर खडूने दोष लिहिलेला होता. मालक ओशाळले.

"मैडम, ये देखने की चीज़ नहीं है. अभी नई मशीन बैठी नहीं है ठीक से."

"मैं यही देखने आई हूँ. चाबी किसके पास रहती है?"

"ताला ही नहीं है. ज़रूरत नहीं पड़ी."

"पड़ेगी," मी म्हटलं.

जुन्या ठिकाणचा राजीनामा देऊन इथे रुजू झाले, त्या दिवशी येतायेता हबीबगंजच्या बाजारातून कुलूप घेतलं. एक चावी माझ्याकडे ठेवली, दुसरी घरी. पण नव्या मालकांवर माझा पूर्ण विश्वास बसला नव्हता. खडूने दोष लिहिणं सोपं असतं. खरी परीक्षा महिनाअखेरीला होते.

ती आली. गाडी दारात उभी होती, ताडपत्री अर्धी बांधून झाली होती, आणि शेवटच्या पेट्यांतले तुकडे मापात बसेनात. मी गाडीतल्याही दोन पेट्या उतरवून तपासल्या. तेच. वरिष्ठाने मालकांना बोलावून आणलं. मालकांनी तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"पक्का?"

"पक्का."

ते शेजारच्या स्टुलावर बसले. मी मनात पुन्हा बायोडेटा काढायची तयारी करून ठेवली. मग ते उठले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "खोल दो. आज नहीं जाएगी."

चेहरा पडलेलाच होता. माझ्याकडे न बघताच ते आत गेले. मी ब्रश लाल रंगात बुडवला आणि पहिली पेटी पुढे ओढली.