आठवीची खोली

मी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य झाले आहे, ही बातमी मला भाकरी थापताना कळली. नवरा ताटात भाकरी कुस्करत म्हणाला, "तुझं नाव घातलंय शाळेच्या समितीत."

"कुणी घातलं?"

"दादानं."

"मला विचारलं का कुणी?"

"त्यात काय विचारायचंय? बाया निम्म्या पायजेत म्हनं. तुला काई करायचं न्हाई. बोलवलं की जायचं, सही करायची, चाय प्यायचा."

दादा म्हणजे त्याचे थोरले भाऊ, माझे भाया. त्यांचा मुलगा चौथीत, म्हणून तेही पालक, आणि पालक म्हणून समितीचे अध्यक्ष. खरं तर पालकांनी सभा घेऊन समिती निवडायची असते. आमच्या गावात ती सभा कधी झाली, कुठं झाली, हे मला आजतागायत कोणी सांगितलेलं नाही. निम्म्या बाया हव्यात म्हटल्यावर ज्यांच्या तोंडातून शब्द फुटणार नाही अशा बाया हेरून घेतल्या, झालं. सख्ख्या धाकट्या भावाची बायको त्यात पहिली. मला तेव्हाच चीड आली होती, पण तव्यावर भाकरी होती.

माझं माहेर लातूरचं. सासर मुखेड तालुक्यातलं, पावसावर पिकणारं गाव. लातूरला माझा भाचा एका मोठ्या क्लासला होता आणि तिथल्या पालकसभांच्या कथा वहिनी फोनवर रंगवून सांगायची. एसीचा हॉल, खुर्चीखुर्चीवर पाण्याची बाटली, क्लासचे मालक दारात हात जोडून उभे. एकदा मेसमधलं दही आंबट निघालं, तर पालकांनी मालकांना असं धारेवर धरलं की दुसऱ्या दिवसापासून दहीवाला बदलला. मी ऐकत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. जिथं फी भरतात तिथं दह्यावरही आईबापाचं मत घेतात, आणि जी शाळा आपली म्हणायची तिथं पोरीच्या पुढच्या वर्गाबद्दलसुद्धा आईला कोणी विचारत नाही. वहिनीला तसं म्हटलं, तर ती म्हणते, "तुमची शाळा फुकटची ना गं? मग कशाला डोक्याला ताप करून घेतेस?"

फुकटची! गावाने तिथं आपली लेकरं दिली आहेत. याहून जास्त काय भरायचं असतं?

समितीच्या सभेत पुरुष खुर्च्यांवर बसायचे आणि आम्ही बाया दाराशी सतरंजीवर, पदर सावरून. मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, एकेक विषय वाचून "मंजूर?" म्हणायचे. खुर्च्यांवरून "मंजूर" यायचं. सतरंजीवरून काहीच यायचं नाही. सर लिहायचे, "सर्वानुमते मंजूर." पहिल्या सभेनंतर बाहेर आल्यावर मी शेजारणीला विचारलं, "कशाला मंजुरी दिली गं आपण?"

"म्या तर चाय पिऊन राहिले होते, अक्का," ती म्हणाली.

ही शेजारीण देगलूरकडची. तिच्या माहेरी थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, म्हणून मी तिची अक्का. आम्ही दोघी पोट धरून हसलो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, हे घरी आल्यावर कळलं.

कारण तिची थोरली मुलगी तेव्हा घरी बसली होती. आमची शाळा सातवीपर्यंत. आठवीला मुखेडला जायचं तर एसटी, आणि ती सकाळी आली तर आली. संध्याकाळी पोरी स्टँडवर अंधार पडेपर्यंत ताटकळत. बाप म्हणाला, पोरगी रोज स्टँडवर उभी राहण्यापरीस घरी बरी. गणितात सगळ्या वर्गाला मागं टाकणारी ती पोर सातवी झाली आणि आईबरोबर खुरपं घेऊन निंदायला जायला लागली.

आता माझी मुलगी सातवीत होती. भाया अंगणात बाजेवर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायला लागले होते, "सातवी झाली म्हंजे लई झालं. घरातलं शिकू द्या आता." आमची चूल वेगळी असली तरी विहीर एक, मोटार एक, आणि शब्द चालायचा तो भायांचा. नवरा मान हलवायचा. आठवी गावात आली तरच माझी मुलगी आठवी बघेल, नाहीतर तीही वर्षभरात शेजारणीच्या पोरीमागं बांधावरून चालताना दिसेल, हे मला स्वच्छ दिसत होतं.

एक दिवस मी शाळेच्या फाटकाशी मोठ्या सरांना गाठलं. "सर, आठवी इथंच का होत नाही?"

"होऊ शकते की, ताई. समितीनं ठराव करून मागणी करायची. जवळपास आठवी नसली तर वर्ग जोडून मिळतो. पण खोली दाखवावी लागते."

एवढं बोलून त्यांनी व्हरांड्याच्या टोकाकडं पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. तिथं एक खोली होती. बरी, पक्की, खिडक्यांची. तिला कुलूप होतं. आत आमच्या भायांच्या सोयाबीनची पोती आणि तुषार सिंचनाचे पाइप. हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. किल्ली शाळेत नव्हती, भायांच्या घरात खुंटीला होती.

"मग मागा ना किल्ली," मी म्हटलं.

"मी बाहेरचा माणूस, ताई. नांदेडहून येतो-जातो. गावाशी वाकडं घेऊन कसं चालेल?"

"मीही बाहेरचीच आहे, सर. तुमची बदली तरी होते."

सर ओशाळले. मी तिथंच दुसरी मागणी केली. सभा नेहमी भर दिवसा ठेवायचे, बाया रानात असायच्या त्या वेळेला. म्हटलं, येत्या अमावस्येला ठेवा. अमावस्येला औत धरत नाहीत, कामं बंद, सगळ्या बाया गावात असतात.

"अमावस्येला? शुभ नसतं ना ते."

"पोरी सातवीनंतर घरी बसतात ते शुभ आहे का?"

सरांनी अमावस्या धरली. त्यांच्या हातून झालेलं तेवढंच एक धाडस, आणि त्याबद्दल मी त्यांना अजून मानते.

त्या दिवशी सतरंजी पुरली नाही. सदस्य नसलेल्या बायाही आल्या होत्या. माझा नवरा मागं दाराला टेकून उभा होता. सगळं वाचून झाल्यावर सर म्हणाले, "आयत्या वेळचा काही विषय?" आणि हळूच आमच्याकडं बघितलं. मी उभी राहिले. आणि बोलायच्या आधी एखादं लेकरू जवळ आहे का ते बघायला लागले.

त्याचं कारण सांगायला हवं. आमच्यात भायांशी थेट बोलत नाहीत. त्यांच्यासमोर पायात चप्पल नको, डोक्यावरून पदर ढळायला नको, आणि काही सांगायचंच असेल तर लेकराच्या तोंडून. "मोठ्या बाबांना म्हणावं, पाणी तापलंय." लेकरू जवळ नसलं तर भिंतीकडं बघून बोलायचं, त्यांनी ऐकायचं. लग्न झाल्यापासून मी त्या माणसाशी एक वाक्य सरळ बोललेले नव्हते. समितीत निम्म्या बाया घ्या, असं ज्यांनी ठरवलं त्यांना अध्यक्ष हा बाईचा भाया असू शकतो, हे कुठून सुचणार? जागा दिली त्यांनी, जीभ कोण देणार होतं?

खिडकीत पोरांची गर्दी झाली होती. त्यात माझी मुलगी होती. मी तिला आत बोलावलं. आली, माझ्याजवळ उभी राहिली. मी म्हटलं, "मोठ्या बाबांना म्हणावं, आठवीचा वर्ग मागायचा ठराव घ्या."

ती वळली. "मोठे बाबा, आई म्हणती, आठवीचा वर्ग मागायचा ठराव घ्या."

भाया क्षणभर गडबडले. मग सवयीनं त्यांनीही तसंच उत्तर दिलं, पोरीकडं बघून. "आईला म्हणावं, खोली कुठाय?"

"म्हणावं, कडंची खोली हाय की."

"म्हणावं, ती गळती. लेकरं भिजून जातील."

"म्हणावं, सोयाबीन भिजत न्हाई, मग पोरीच कशा भिजतील?"

माझ्या मुलीनं ते जसंच्या तसं, खणखणीत सांगितलं. खुर्च्यांवर कोणीतरी खोकलं. शेजारीण तोंडात पदर कोंबून हसायला लागली आणि तिचं हसू सगळ्या सतरंजीभर पसरलं.

भायांचं तोंड लाल झालं. ते माझ्या नवऱ्याकडं बघून कडाडले, "ए, बायकोला आवर! घरातली गोष्ट चारचौघांत काढून राहिली."

नवऱ्यानं खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली. मला गप्प बस म्हणाला नाही, भावालाही काही म्हणाला नाही. यावर पुढं गावानं त्याचं केवढं कौतुक केलं! "नवरा चांगला हो, अडवलं न्हाई त्यानं." अडवलं नाही ही काय कर्तबगारी आहे? पोरगी त्याचीही होती. ते कौतुक ऐकलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मग भाया पुन्हा पोरीकडं वळले. "तुझ्या आईला म्हणावं, पोरीच्या जातीला आठवी शिकवून कुठं कलेक्टर करायचंय?"

पोरगी माझ्याकडं वळलीच नाही. तिथंच, त्यांच्यासमोर उभी राहिली.

"आईला कशाला सांगू? आठवीला मला जायचंय, मोठे बाबा. मला सांगा ना."

भायांना तिच्यामार्फत मला काहीही सांगता येत होतं. तिलाच सांगायची वेळ आल्यावर मात्र त्यांना शब्द सापडेना. ही पोर त्यांच्याच मांडीवर वाढली होती.

"लिवा सर," शेजारीण म्हणाली. "माझं अनुमोदन."

सरांनी "मंजूर?" म्हटलं. खुर्च्या गप्प होत्या. सतरंजीवरून सगळ्या बाया एका सुरात "मंजूर" म्हणाल्या. सरांनी लिहून टाकलं.

त्याची वसुली घरात झालीच. मोटारीच्या खोलीला दुसरं कुलूप पडलं आणि आमच्या रानाची पाण्याची पाळी गेली. सासूबाईंनी माझ्या हातचा चहा घेणं सोडलं. मी रडले, चिडले, नवऱ्याशी भांडले, पण ठराव मागं घ्या असं मात्र म्हटलं नाही. वर्ग मंजूर झाला. वरून साहेब खोली बघायला येणार म्हटल्यावर पोती एका दिवसात हलली. इतकी वर्षं ज्यांना दुसरीकडं जागा नव्हती, त्या पोत्यांना भायांच्याच पडवीत जागा निघाली.

शाळा उघडली त्या दिवशी खोलीच्या दारात नारळ भायांनी फोडला. छोटंसं भाषणही केलं, "आम्ही गावात आठवी आणली." टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. पोरी आत जाऊन बसल्या, माझी पहिल्या रांगेत. ताज्या चुन्याचा वास येत होता आणि कोपऱ्यात अजून सोयाबीनचा भुसा होता.

तेवढ्यात शेजारीण आली. थोरलीला घेऊन. पोरीची वेणी घट्ट घातली होती, अंगात सातवीचाच ड्रेस होता, बाह्या कोपराच्या वर आलेल्या. उन्हातान्हात राबून तिचा चेहरा रापला होता. ती दारापर्यंत आली आणि तिनं आत पाहिलं. बाकांवर सगळ्या तिच्या मागच्या वर्गातल्या पोरी, माझीसुद्धा.

"ये बाळ, नाव घालतो. काही अडचण नाही," सर म्हणाले, अगदी मायेनं.

ती उंबऱ्यावर उभी राहिली. माझ्या मुलीनं सरकून बाकावर जागा केली. थोरलीनं मान हलवली.

"आता ह्यांच्यासंगं?" ती आईला म्हणाली. मागं वळली आणि शाळेचं फाटक ओलांडून रानाच्या वाटेला लागली. आईनं हाक मारली, तरी तिनं मागं बघितलं नाही.

शेजारीण खोलीच्या भिंतींकडं बघत राहिली. मग म्हणाली, "सर, ही खोली गेल्या साली कुठं होती?"

सरांनी हजेरीतून मान वर केली नाही. भाया खोबरं वाटत वाटत तिच्यापर्यंत आले आणि तिच्यापुढं प्रसादाचा तुकडा धरला. तिनं हात पुढं केला नाही. त्यांच्याकडं बघून तिनं पुन्हा तेच विचारलं.