हेडफोनचा एक कान

श्रावणात टेंभुर्णी सोडली त्या सकाळी गाडीत गहू चढले, भांडी चढली, गोधडीत गुंडाळलेला बॅटरीचा रेडिओही चढला. पण केदारखेड्याला माझ्या एकट्या आईकडे सांगावा गेला नाही. मी विचारलं तर हे म्हणाले, "जल्दी आवर, निजामाच्या हद्दीपल्याड जायाचंय. आता वेळ न्हाई." वेळ नव्हता, कारण मला त्याच सकाळी सांगितलं होतं. ह्यांचं आणि मामंजींचं आठ दिवसांपूर्वीच ठरलं होतं.

तिकडे राहिलेल्या आणि माझ्यासारख्याच गाडीत कोंबलेल्या बायांनो, तुम्हाला आठवत असेल, हे पलटणीतून सुटून आले ते हा रेडिओ घेऊन. त्याला भोंगा नव्हता, हेडफोन होते. पोलादी पट्टी डोक्यावरून घ्यायची, दोन चकत्या दोन कानांवर. रेडिओ बैठकीत, बैठकीत मामंजी, आणि त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळायचा नाही. पदरावरून पट्टी घसरायची, म्हणून रेडिओ बायकांसाठी नाहीच, असं ठरून गेलं. दंगे, लुटालूट, सगळं ह्यांच्या कानात जायचं. मी चहा घेऊन गेले आणि विचारलं की एकच उत्तर, "काही न्हाई, गाणी लागलीत." आणि मी मूर्ख, भाकऱ्या थापत बसले. आईला आणायला दोन दिवस पुरे होते.

चिखलीला एका खोलीत संसार मांडला. मध्ये चादर, अलीकडे चूल, पलीकडे पुरुष आणि रेडिओ. कॅम्प, रेशन, फॉर्म हे शब्द तोंडात बसले. एका दुपारी हे रेशनच्या रांगेत असताना मी हेडफोन मांडीवर घेतले. सुरीच्या टोकानं स्क्रू काढले, एक चकती पट्टीपासून सोडवली, तिची वायर कापून मध्ये लांब वायर पिळून जोडली. एक तार नीट पिळली गेली नव्हती, तर दोन्ही कान मुके झाले. पण रागानं मी थांबले नाही. पुन्हा पिळली. मग चोळीच्या खणाचा कप्पा शिवून चकती त्यात बसवली आणि पदराखाली कानाशी बांधली.

हे आले आणि भडकले. चांगल्या वस्तूचा सत्यानाश केला म्हणाले. मी म्हटलं, "दोन्ही कान तुमालाच कशाला? एक माझा." मामंजींनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. माझा पदर जागेवर होता.

निजामाच्या फौजेनं हत्यारं टाकल्याची बातमी मी चुलीपुढे, ह्यांच्याबरोबरच ऐकली. भाकरी करपली. रस्ते उघडताच मी केदारखेडा गाठला.

आई उंबऱ्यात बसली होती. पळापळीत तिचं धान्य गेलं होतं, तीन दिवस ती ज्वारीत लपून होती. मला पाहून ती उठली नाही.

"तुमच्यात रेडू व्हता," ती म्हणाली. "तुला समदं ठाऊक असंल. मंग मला का न्हाई सांगितलं?"

मलाही ठाऊक नव्हतं, हे मी शपथा घेऊन सांगितलं. तिला पटलं नाही. ती माझ्याबरोबर आली नाही.

आता चिखलीत आमचं पक्कं घर आहे. भोंग्याचा रेडिओ आहे आणि तो मी स्वयंपाकघरात ठेवलाय. बातम्या ऐकायच्या तर ह्यांनी चुलीपाशी यायचं. टेंभुर्णी आठवते का, असं लोक विचारतात. आठवते. पण जिथून निघायचं हे मला सगळ्यांत शेवटी कळलं, त्याला घर म्हणायला माझी जीभ वळत नाही. माझं घर हेच, इथं माझ्या कानावर पडल्याशिवाय काही ठरत नाही. आई मात्र गेली ती हेच समजून, की लेकीला ठाऊक होतं.