लहान न झालेलं नाव

ब्राझीलमधल्या मिनास प्रांतातल्या त्या डोंगराळ गावात कुठलीच गोष्ट आपल्या मापाची राहत नाही. जीव लावायचा तर आधी लहान करायचं, नावाला 'इन्यो' नाहीतर 'इन्या' अशी शेपटी जोडायची. तांब्याभर कॉफी प्यायले तरी ती काफेझिन्यो. सव्वाशे किलोचा खाटीक, तो झेझिन्यो. पोस्टमनची पोटरी फोडणारा कुत्रासुद्धा लोकांच्या तोंडी इवलासाच. फक्त ओतीलिया तेवढी जन्मापासून अख्खी ओतीलिया राहिली.

तिची धाकटी बहीण दाल्वा. गाव तिला दाल्विन्या म्हणायचं, आणि आई तर असं लाडावून म्हणायची की ओतीलियाच्या अंगाची लाही लाही व्हायची. ही दाल्विन्या लग्न करून बेलो होरिझोन्ते शहरात गेली त्याला तीस वर्षं झाली. नाताळला दोन दिवस यायची, एका भांड्याला हात लावायची नाही, तरी पुढे महिनाभर घरात तिचंच कौतुक. गाई पिळायच्या, चीज दाबायचं, आईचे पाय चोळायचे ते ओतीलियाने. साठीला टेकलेल्या बाईने नावाच्या शेपटीसाठी जळू नये, हे तिला कळत होतं. पण जळत होती खरी.

एकदा न राहवून तिने आईला विचारलंच.

"आई, मला कधी ओतिलिन्या का नाही म्हणालीस?"

आई घेवड्याच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तू कधी लहान होतीस गं? जा, चूल विझतेय बघ."

शेजारीण झुलमिरा दारातच उभी होती. ती खो खो हसली. "तुला इन्या लावायची कुणाची छाती आहे, बाई? अख्खं गाव तुला टरकून असतं."

ओतीलियाने चूल फुंकली आणि दोन दिवस झुलमिराशी बोलली नाही.

पुढे आईने नव्वदी ओलांडली. नजर गेली, माणसांची सरमिसळ व्हायला लागली. एका दुपारी ओतीलिया मक्याची पेज घेऊन खाटेवर टेकली, तर आईने तिचा गाल चाचपला.

"आलीस होय गं, दाल्विन्या?"

आपलं नाव ओतीलियाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आईचा हात गालावरून फिरत होता, आणि असा तो याआधी कधी फिरला नव्हता.

"आले, आई."

"ओतीलिया कुठाय?"

"गोठ्यात."

"बरंय. दार लोटून घे."

आईने उशीखालून फडक्याची पुरचुंडी काढली. आत पेरूची वडी आणि चीजचा तुकडा. तीच वडी, जी ओतीलियाने मागच्या आठवड्यात दिवसभर तांब्याच्या कढईत घोटली होती. उडालेल्या थेंबांनी भाजलेला हात अजून हुळहुळत होता. दर नाताळला दाल्विन्याच्या पिशवीत काय काय गेलं असेल, ते आत्ता तिच्या ध्यानात आलं. डोळ्यांत पाणी आलं ते मायेचं नव्हतं, संतापाचं होतं.

"तुझ्यासाठी ठेवलंय, माझ्या चिमणे," आई कुजबुजली. "आटप लवकर. ती आली तर तिलाही द्यावं लागेल."

ओतीलियाने एकदा दाराकडे पाहिलं आणि घाईघाईने खायला लागली.