एका माणसासाठी लिहिलेली पुस्तिका

बाईंना मी ओळखत होतो असं म्हणायला जीभ रेटत नाही. ऑफिसात आमची टेबलं शेजारी होती, एवढंच. त्यांचं घर मी एकदाच पाहिलं. त्यांच्याबद्दल मी लिहावं की नाही, हाच मुळात प्रश्न आहे. पण दुसरं कोणी लिहील असंही दिसत नाही.

आमची कंपनी कपडे धुण्याची मशीन बनवायची. मशीनबरोबर जाणारा मजकूर बाई लिहायच्या आणि त्यातली चित्रं मी काढायचो. मशीन घरी आल्यावर कसं बसवायचं, याची एक पुस्तिका. रोज कसं वापरायचं, याची दुसरी. दुरुस्तीवाल्यांसाठी जाडजूड तिसरी. पुस्तिका उघडायचाच ज्यांना कंटाळा, त्यांच्यासाठी झाकणावर चिकटवायचं एक पान. शिवाय आतला प्रोग्रॅम बदलला की काय बदललं, त्याची टिपणं. ऑफिसातली पोरं त्यांना 'सूचनाबाई' म्हणायची, अगदी तोंडावरसुद्धा.

"सूचनाबाई, बटण दाबा, एवढं सांगायला चार ओळी?" एक इंजिनिअर एकदा म्हणाला.

"कुठलं बटण, किती वेळ दाबायचं, दाबल्यावर काय दिसायला हवं? तुझ्या सासूबाईंना फोनवरून सांगून बघ, मग माझ्याकडे ये."

"सासूबाईंना? नको, द्या चार ओळी!"

बाईंची एक पद्धत होती. लिहून झालं की चहावाल्याला नाहीतर वॉचमनला बोलवायच्या, कागद हातात द्यायच्या आणि मशीनपुढे उभं करायच्या. स्वतः हात मागे बांधून स्टुलावर बसायच्या. बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. तो अडला की त्याला काही म्हणायच्या नाहीत, आपल्याच वाक्यावर काट मारायच्या. मला म्हणायच्या, "वापरणारा चुकत नसतो, काका. लिहिणारा चुकतो."

पुढे त्यांच्या यजमानांचं विसरणं वाढलं. ते विजेची कामं करायचे, हाताचे हुशार. आता दुपारी फ्रिजमधला डबा गरम करून खाणंही त्यांना जमेना. बाई घरी पोचेपर्यंत ते उपाशीच. नणंदेचं म्हणणं पडलं की, अशा माणसांना सांभाळणाऱ्या संस्थेत त्यांना ठेवावं. बाईंनी तिच्याकडून थोडी मुदत मागून घेतली. दुपारचं जेवण त्यांना एकट्याला जमलं, तर ते घरीच राहतील, असं ठरलं. त्यासाठी बाईंनी एक पान लिहिलं आणि चित्रं मला काढायला सांगितली.

एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी मलाही बोलावलं. स्वयंपाकघरात यजमान टेबलाशी बसले होते, हातात पान. नणंद ओट्याला टेकून उभी. बाई स्टुलावर, हात मागे.

यजमानांनी खणखणीत आवाजात वाचलं. "फ्रिज उघडा. निळा डबा बाहेर काढा. झाकण काढून मायक्रोवेव्हमध्ये ठेवा. हिरवं बटण एकदा दाबा." मग आमच्याकडे बघून म्हणाले, "झकास लिहिलंय. कोणी लिहिलं?" आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. जागचे हलले नाहीत.

"दादा, अरे ऊठ ना!" नणंदेला राहवेना.

"वन्सं, बोलायचं नाही," बाई म्हणाल्या.

आणखी एकदा वाचून झाल्यावर यजमानांनी पानाची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली. बाईंनी पेन्सिल काढली. "'उघडा'च्या आधी 'उठा' लिहायला हवं होतं. माझंच चुकलं."

"वहिनी, पुरे करा हो आता." नणंद रडायला लागली होती.

बटणाचं चित्र मोठं करून देतो, एवढं मी म्हणालो.

नंतर पुष्कळ पानं झाली. शब्द कमी होत गेले, चित्रं वाढत गेली. शेवटी नुसता डबा आणि तो उचलणारा हात उरला. यजमानांनी ते चित्र बराच वेळ पाहिलं म्हणे, आणि विचारलं, "हा हात कुणाचा?" हे सांगताना बाई काय चुकलं ते बोलल्या नाहीत.

यजमानांना एकट्याला जेवण जमलं नाही, पण त्यांना संस्थेत पाठवायला बाईंचं मन तयार होईना. त्यांनी नोकरी सोडली. ऑफिसचं कार्ड जमा करायला आल्या तेव्हा जिन्यात भेटल्या.

"जेवलात का, काका?"

"हो, आत्ताच. तुम्ही?"

"घरी गेल्यावर. त्यांना भरवते, मग."

"बरं. या."