राखाडी पान

यंत्र माणसासारखा दगा देत नाही. त्याला एकदा सांगितलं की ते जन्मभर लक्षात ठेवतं. हे वाक्य मी आमच्या गावात इतक्या जणांना ऐकवलं आहे, की ते फलकावर छापायचं तेवढं राहिलं. फलक छापणं हाच माझा धंदा. वाढदिवस, सत्कार, श्रद्धांजली, निवडीबद्दल अभिनंदन; वर कानडी मोठ्या अक्षरात, खाली मराठी, कोपऱ्यात गुलाब. थोर विचार मी चौरस फुटावर विकतो. त्यातला एखादा स्वतःसाठी फुकट ठेवला तर काही बिघडत नव्हतं.

यंत्रावर माझा विश्वास बसला तो डोळ्यांमुळे. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ते यशस्वी झालं, असं डॉक्टर म्हणाले. पण त्यानंतर कॉम्प्युटरवरचं पांढरं पान समोर आलं की डोळ्यात कुणी चुना टाकल्यासारखं व्हायचं. डावा डोळा आधीपासूनच शोभेपुरता. दुकानात माझा भागीदार म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्यानं चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमधलं पान राखाडी करून दिलं, चिन्हं मोठी केली, पानाची कड जाड आणि लाल केली, मागे चौकटींची जाळी टाकली. मला पुन्हा काम करता येऊ लागलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर पान राखाडीच. महिनाभरानंतरही राखाडीच. ऑपरेशनच्या वेळी कोणता डोळा, हे डॉक्टरांनी मला तीनदा विचारलं होतं, आणि इथं हे सॉफ्टवेअर काही न विचारता माझे दोन्ही डोळे ध्यानात ठेवत होतं. समोरच्या हॉटेलात चहा पिताना मी हे सांगायचो. ऐकणारे मान डोलवायचे. त्यांचाही कुणा ना कुणा माणसानं घात केलेला असायचाच.

मेहुण्याला हे कौतुक रुचत नसे. सॉफ्टवेअरनं असलं काही लक्षात ठेवूच नये, असं त्याचं मत होतं. चित्र ज्याचं त्याचं, पण पडदा सगळ्यांचा.

“उद्या दुसरं कुणी बसलं, तर त्याला तुमच्या डोळ्यानं बघावं लागंल, दाजी.”

या खुर्चीवर दुसरं कुणी बसणार नाही, असं मी त्याला सांगितलं. तो कीबोर्ड पुसत राहिला. वादात हरला, असं मी समजलो.

आमची कामं वाटलेली होती. सकाळी दुकान तो उघडायचा, झाडून घ्यायचा, उदबत्ती लावायचा, कॉम्प्युटर चालू करायचा. मी कानडी आणि मराठी अशी दोन वर्तमानपत्रं वाचून, एकाच बातमीत कोण जास्त खोटं बोललं ते ठरवून मग जायचो. गिऱ्हाइकांशी बोलणं, कानडी मजकूर बसवणं, छपाई करून आणणं त्याच्याकडे. चित्र आणि अक्षरांची मांडणी माझ्याकडे. दोघांपैकी एक नसेल तर दुकान बंद. हा नियम मीच केला होता आणि त्याला भागीदारी म्हणत होतो.

मागच्या श्रावणात तो राजेश्वर गावी पाहुण्यांकडे जातो म्हणून गेला. नियमाप्रमाणे मी दुकान बंद ठेवलं आणि सहज बसस्टँडकडे फिरायला निघालो. तिथं एका नव्या गाळ्यावर फलक लागला होता. डिजिटल फलकांचं नवं दुकान, दुसऱ्या दिवशी उद्घाटन, सर्वांचं स्वागत. फलक सुरेख होता. कडेची वेलबुट्टी माझीच असल्यामुळे तसा तो असणारच. शिडीवर उभा राहून मेहुणा त्याची दोरी ताणत होता. त्यानं मला पाहिलं, दोरी बांधून पुरी केली आणि मग दुसरीकडे पाहिलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिला माहीत होतं. चार महिन्यांपासून माहीत होतं.

“मग मला कामून सांगितलं न्हाईस?”

“तुम्ही सांगू देता व्हय कुणाला?” ती म्हणाली आणि भावाच्या दुकानासाठी नारळ निवडू लागली. तिनं एक कानाशी धरून हलवला, दुसरा घेतला, तोही हलवला. इतकी काळजी आमच्या दुकानाच्या वेळी घेतल्याचं मला आठवत नाही.

उद्घाटनानंतरच्या सकाळी मी स्वतः दुकान उघडलं. कॉम्प्युटर चालू केला, सॉफ्टवेअर उघडलं, आणि पडद्यावर पांढरं फटफटीत पान आलं. चिन्हं मुंगीएवढी. जाळी गायब, लाल कड गायब. मी ते बंद करून पुन्हा उघडलं. तेच.

आता मला सगळा उलगडा झाला. तो वेलबुट्टी घेऊन गेला, गिऱ्हाइकं घेऊन गेला, आणि जाताना माझे डोळे पुसून गेला. हॉटेलात मी तसं जाहीर केलं. त्या दिवशी मान डोलवणाऱ्यांची संख्या वाढली होती. मेहुणे पुष्कळांना असतात.

पण काम थांबवता येत नव्हतं. गाणगापूरच्या एका लॉजचा नियमांचा फलक हातात होता. पांढऱ्या उजेडात डोळ्यांतलं पाणी पुसत मी तो पुरा केला. पानाची कड मला दिसलीच नाही, त्यामुळे शेवटची ओळ छपाईत कापली गेली. ती खोली सोडण्याच्या वेळेची ओळ होती. आठवड्याभरात लॉजमालकाचा फोन आला. महाराष्ट्रातून आलेले यात्रेकरू फलकाखाली उभे राहतात, सगळे नियम मोठ्यानं वाचतात आणि खोली सोडत नाहीत, अशी त्याची तक्रार होती. पुढचं काम तो बसस्टँडजवळच्या दुकानात देणार होता.

तेव्हा मात्र मी कलबुर्गीहून कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईंना बोलावलं. कुणी मुद्दाम बिघाड करून ठेवला आहे, तो शोधा, म्हणालो. त्यांनी पान राखाडी केलं, सॉफ्टवेअर बंद करून उघडलं. पांढरं. पुन्हा केलं. पांढरं. मग खुर्ची माझ्याकडे वळवली.

“बिघडलं काय न्हाई, अण्णा. हे बंद केलं की सगळं विसरतंय. पहिल्यापासून असंच असणार.”

“इतकी वर्षं तर बरोबर उघडत होतं.”

“इतकी वर्षं सकाळी चालू कोण करत होतं?”

मला एकदम आठवलं, की दुपारी वीज गेली की मेहुणा मला हटकून चहाला पाठवायचा. वीज आली तरी घाई करू नका, निवांत या, म्हणायचा. सासुरवाडीनं एवढा तरी मान ठेवला, असं वाटून मी दुसरा कप मागवत असे.

बाई गेल्यावर मी त्याला फोन केला. नव्या दुकानात गर्दी असावी. मागे कुणीतरी कानडीत घासाघीस करत होतं.

“पान राखाडी तू करत होतास?”

“व्हय.”

“रोज?”

“रोजच करावं लागतंय ते, दाजी. ते ठेवतच न्हाई.”

“मग सांगितलं न्हाईस?”

“तुम्ही गावभर सांगायलाव की मशीन इमानी हाय म्हणून. मधी मी कशाला बोलू?”

मी फोन ठेवला. त्याला पोटभर शिव्या देता येतील असं एक कारण माझ्याकडे होतं, तेही त्यानं काढून घेतलं. मागे त्यानं सॉफ्टवेअरनं लक्षात ठेवू नये असा वाद घातला होता, तेव्हा ते ठेवत नाही हे तो जाणून होता. माहीत नव्हतं ते मला एकट्याला. तो जाणार हे त्यानं मला सांगितलं नाही, ते एक वेळ समजू शकतो. पण तो होता, हेही त्यानं मला कधी सांगितलं नाही. घरी बायकोला हे बोललो, तर ती म्हणाली, त्याच्या दुकानात जाऊन त्यालाच सांगा. मी गेलो नाही. ती अजून अधूनमधून विचारते.

सॉफ्टवेअरनं माणसाची मांडणी लक्षात ठेवावी की नाही, यावर आता माझं मत असं आहे की ठेवावी, आणि ठेवत नसेल तर तसं पडद्यावर मोठ्या अक्षरात लिहावं. तोवर मी रोज सकाळी डोळे बारीक करून, चिन्हं चाचपडत पान राखाडी करतो. एखाद्या दिवशी ते जमत नाही आणि भलतीच पट्टी उघडते. मग मी वर्तमानपत्र वाचतो.

शेवटी कलबुर्गीच्या बाईंना फोन करून विचारलं, की सगळं ध्यानात ठेवणारं काही मिळतं का. मिळतं, त्या म्हणाल्या. याच सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत ती सोय आहे, आणि जुन्या गिऱ्हाइकाला सवलतही मिळते, फक्त आपल्या प्रतीचा नोंदणी क्रमांक कळवायचा. मी दुकानभर शोधला. मग आठवलं, की ती प्रत मी हैदराबादला फुटपाथवर, चपलांच्या ढिगाशेजारून घेतली होती. ती चोरीची होती.