नाना, मी आणि तेरा नंबर

मागच्या गुरुवारी धुळ्यात एका दवाखान्याच्या बाकावर मी चक्क चाळीस मिनिटं एका जागी बसलो. मला ओळखणाऱ्यांना यातली बातमी कळली असेल...

दवाखाना मनाच्या डॉक्टरांचा. मोठ्यांचा आणि लहान मुलांचाही. मी राहतो जळगावला, तिथं असे दवाखाने नाहीत असं नाही. पण तिथं कोणी ओळखीचं भेटलं तर? म्हणून गाडी काढली आणि थेट धुळं.

थेट म्हणजे... पारोळ्याला किल्ल्यापाशी थांबलो. तिथं एकजण बैलांच्या शिंगांना रंग लावत होता, ते बघत बसलो. मग त्याच्याशी गप्पा, मग चहा. नऊची वेळ होती, पोचलो अकराला.

हे असंच होतं माझं. आयटीआय अर्धवट सोडलं. पाईपच्या कंपनीत चार महिने, डाळ मिलमध्ये दोन, मग मोबाईलचं दुकान, मग कुठं कुठं. कोणी हाकललं नाही, मीच उठून चालायला लागतो. घरचे म्हणतात आळशी. मला एवढंच विचारायचं होतं... मी खरंच आळशी आहे, की हे दुसरं काही आहे? याआधी दोनदा याच दवाखान्यात येऊन, नंबर यायच्या आत पळालो होतो.

इथं एक पद्धत मला फार आवडते. काउंटरवरच्या ताई नावानं हाक मारत नाहीत. नंबरानं बोलावतात. माझा चौदा.

बाकावर जागा शोधतोय तर समोर कोण? आमचे नाना! वडिलांचे थोरले भाऊ, पाचोऱ्याचे. सगळ्या लग्नांच्या बैठकीत ज्यांचा आवाज सगळ्यात मोठा, ते. मला बघितलं की 'काय रे, पायाला भिंगरी' असं चारचौघांत म्हणणारे, ते.

"तू आठे? कोणले लई उना?" कोणाला घेऊन आलास, असं त्यांनी विचारलं.

"मित्राला सोडायला," मी म्हणालो. "आणि तुम्ही?"

"गुडघा दखाडाले."

मनाच्या डॉक्टरांकडे गुडघा. बरं... दोघं भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. मी दाराकडे सरकायला लागलो होतो, खरं सांगतो. गाडीची किल्ली हातातच होती.

आमच्या मध्ये एक सात-आठ वर्षांची मुलगी येऊन बसली. आई काउंटरवर काहीतरी विचारत होती. मुलीचे हात लालसर, बोटांवर भेगा. नानांनी बघितलं आणि विचारलं, "काय झालं गं बेटा?"

"मी सारखे हात धुते. धुतले तरी वाटतं, धुतलेच नाहीत." इतकं सरळ सांगितलं तिनं, जसं काही आज डब्यात काय आणलं ते सांगतेय. "तुम्ही कशाला आले आबा?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. मग तिच्याकडे. मला वाटलं आता गुडघा...

"मी ना बेटा, मोटर बघतो," ते म्हणाले. "शेतातली. बंद केली तरी वाटतं, चालूच राहिली. घरी येतो, परत जातो. रात्री सहा-सहा चकरा."

"मग बंद असते?"

"असते ना."

"माझे पण हात धुतलेले असतात," ती म्हणाली. आणि दोघं एकमेकांकडे बघून हसले. मी नानांना असं हसताना कधी बघितलं नव्हतं.

आमच्या घरात वर्षानुवर्षं दाखला दिला जातो हो... शेताची काळजी घ्यावी तर नानांनी! मध्यरात्री उठून वावरात जातात! आणि तो माणूस तिकडं अंधारात उभा राहून बंद मोटरकडे बघत होता. कोणाला काही न सांगता.

मुलगी मुलांच्या डॉक्टरांकडे आत गेली. नाना माझ्याकडे वळले. "सहा महिना झाया माले. बठ्ठा जळगाव आठेच येस, आन धुळानं बठ्ठं जळगावले जास." म्हणजे सहा महिने ते इथं येत होते; आणि सगळं जळगाव इथंच येतं, धुळ्याचं सगळं जळगावला जातं. मग हळूच म्हणाले, "तुनी भिंगरी गावेगाव, मनी वावरभर." तुझी गावोगाव, माझी वावरभर.

मित्राची थाप मी तिथंच सोडून दिली. सगळं सांगितलं. दोनदा पळालो तेही.

तेवढ्यात ताईंनी तेरा नंबर पुकारला. तो नानांचा. नानांनी आपली चिठ्ठी माझ्या हातात कोंबली आणि दुसरा हात पुढे केला. "किल्ली दे. आधी तू जाय. मी मझार गयू का तू पळी जाशी." ते आत गेले की मी पळणार, हे त्यांना पक्कं माहीत.

गेलो. डॉक्टर मॅडमनी शाळेपासून सगळं विचारलं. शिक्षक काय म्हणायचे, चहा अर्धा सोडून उठतोस का, असलं पण! आज लगेच याला नाव देणार नाही म्हणाल्या, अजून दोनदा ये, आईला घेऊन ये. पण एक म्हणाल्या... आळशी माणूस आपण आळशी आहोत का हे विचारायला जळगावहून धुळ्याला येत नाही.

बाहेर आलो. नानांनी किल्ली परत दिली आणि आत गेले.

आता गाडी खाली उभी, किल्ली माझ्याकडे, काम झालेलं. बसून राहिलो. ती मुलगी जाताना टाटा करून गेली, तरी बसून राहिलो. चाळीस मिनिटं. मग नानांना गाडीवर मागे बसवून पाचोऱ्याला सोडलं.

हे सगळं नानांना विचारूनच लिहितोय. फोनवर म्हणाले, "लिख. पन मोटर दरवेळी बंदच व्हती, हाई बी लिख."

लिहिलं नाना. बंदच होती.