करंज्यांखालचं पत्रक

नाताळच्या फराळाचं ताट शेजारच्या शकूवहिनींकडून परत आलं, आणि ते जवळजवळ रिकामं होतं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. काही नसलं तरी चिमूटभर साखर घालूनच त्या ताट परत करतात. यंदा ताटात फक्त एक तुपकट कागद होता, नीट घडी घातलेला. वर छापलं होतं, ‘तारणाचा एकच मार्ग.’ ताटं भरायला आलेल्या आमच्या चर्चच्या मंडळींनी करंज्यांखाली तो सरकवला होता. मला न विचारता!

“करंज्या छान होत्या,” वहिनी म्हणाल्या. “पण त्यांच्यामागे अट आहे, हे आधी सांगायचं ना.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वहिनींवर नव्हे, आमच्याच माणसांवर. हजारो भुकेल्यांना पाच भाकरी वाटताना प्रभूने प्रत्येकीखाली पत्रक ठेवलं होतं का? त्याची ओळख वहिनींना व्हावी, असं मलाही वाटतं. म्हणून तर इतकी वर्षं करंज्या देत आले. आता त्यांना त्या सगळ्याच करंज्यांचा संशय येणार!

संध्याकाळी पुन्हा करंज्या तळल्या. डबा आणि ताट घेऊन वहिनींकडे गेले, त्यांच्यासमोर ताट उलटं करून झटकलं, आणि मगच भरलं.